नाव बदललेलं मानपत्र

"थे पोरगी येऊन राह्यली का नाही?"

रंगमंचामागे आयोजक सर प्राध्यापकांना विचारत होते. मी शेजारीच मानपत्राचा कागद धरून उभी होते. मी असले तरी लोक मोकळेपणी बोलतात.

"नाही म्हनते. तिच्या घरी सोयाबीन काढनं चालू हाय. आजच मळणीचा हडंबा लागला."

"मंग पाहुण्याच्या हातून बक्षीस कोणाले देता? खुर्चीले?"

दोघंही हसले.

वाशिमच्या त्या लघुपट स्पर्धेला आम्ही तीन परीक्षक होतो. निवृत्त प्राध्यापक, फोटो स्टुडिओवाले काका आणि मी. मला घेतलं होतं इंग्रजी सबटायटल तपासायला. माझी मराठी बोलताना अडखळते, लिहिताना नाही, म्हणून मानपत्रही माझ्याकडेच आलं.

तिघांनी वेगवेगळं बसून गुण दिले आणि तिघांचाही पहिला नंबर एकच निघाला. किन्हीराजाच्या एका मुलीनं मोबाइलवर काढलेला सिनेमा. दीक्षाभूमीवर जायच्या आदल्या दिवशी तिची आई पांढरी साडी धुते, वाळवते, घडी घालते. आठ मिनिटं. कोणी बोलत नाही.

सकाळी तिला मीच फोन केला होता. मागे मळणीचा धडधडाट होता, ती ओरडून बोलत होती.

"ताई, बाबा म्हनले, बक्षीस भेटलं तरच पुण्याले सिनेमा शिकाले धाडतो. भेटलं का?"

निकाल आधी फोडायचा नाही, असा नियम होता. मी म्हटलं, "तू ये फक्त."

"कशी येऊ? मजूर भेटून नाही राह्यले."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला.

हजर नसेल त्याला पहिला नंबर नाही, हाही नियमच निघाला, फक्त कागदावर नव्हता. दुसऱ्या नंबरचा मुलगा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होता. पोहरादेवीची यात्रा त्यानं ड्रोननं टिपली होती आणि वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवेदन होतं. सिनेमा वाईट नव्हता.

"मॅडम, नवीन लिहाले टाइम नाही," आयोजक सर म्हणाले. "नाव तेवढं बदला."

मी पेननं नाव बदललं. माइकसमोर गेले आणि वाचलं: "एकही शब्द न उच्चारता, आईच्या हातांची शांतता न मोडता हा सिनेमा आपल्याला एका घरात नेऊन बसवतो." टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या. पाहुण्यांनी मान डोलावली. मी कोणी तरी चुळबुळेल म्हणून सभागृहभर पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

कोणी लबाडी केली नव्हती. गुण तर आम्ही खरेच दिले होते. मला राग यायला हवा होता, पण चहाचा कप हातात गार होत गेला तरी तो आला नाही.

चहाच्या टेबलापाशी तो मुलगा आला. फेटा काढून काखेत धरला होता.

"मॅडम, काय लिहिलं तुमी! आमच्या सिनेमाले बराबर पकडलं. फ्रेम करून घरी लावतो."

मी कप खाली ठेवला.

"ते तुमच्या सिनेमावर लिहिलेलं नाही. किन्हीराजाच्या मुलीचं आहे. तो कागद मला परत द्या, तिच्या बाबांना दाखवायचाय."