टेबलावर आलेली दाढ

एतेल्काच्या नवऱ्याला, एर्नोला, पुरून मंडळी नुकतीच घरी परतली होती. स्वयंपाकघरात मटणाचा लाल रस्सा रटरटत होता, बैठकीत बायका दबक्या आवाजात बोलत होत्या आणि एतेल्का ताटल्या मोजायचं विसरून नुसतीच त्या हातात धरून उभी होती. तेवढ्यात बारनाबाश तिच्याजवळ आला. एर्नो ज्या पदक जमवणाऱ्यांच्या मंडळात होता, त्याचा हा अध्यक्ष. मिशीला रस्सा लागलेला.

"वहिनी," तो हळहळत म्हणाला, "ती कपाटं आता तुम्हाला काय कामाची? उगाच धूळ पुसत बसाल. मी घेऊन जातो. तेवढाच तुमचा भार हलका."

एतेल्काने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. निजायच्या खोलीचं दार उघडं होतं. मंडळाचेच दोघे जण एर्नोच्या कपाटाचे कप्पे ओढून बसले होते. एकाच्या एका हातात अर्धवट खाल्लेला पाव आणि दुसऱ्या हातात त्रिकोणी घडीच्या फितीवरचं पदक. फितीवर चरबीचा डाग पडला होता.

एतेल्का दातांची डॉक्टर. सगळी हयात तिने हंगेरीतल्या फेहेरवार शहराच्या लोकांच्या उघड्या तोंडात डोकावण्यात घालवलेली. पू झालेल्या हिरड्या, कुजक्या दाढा, त्यांचा वास, कशाचंच तिला कधी काही वाटलं नाही. पण त्या डागाकडे तिला बघवेना.

"जेवायला आला आहात तर जेवा," ती म्हणाली, "आणि चालते व्हा."

त्या दिवशी एकट्या कोर्नेलने बाह्या सावरून भांडी घासली. तोही मंडळातलाच. धंद्याने कुलूपवाला, एर्नोपेक्षा बराच लहान. एर्नोला इस्पितळात नेलं तेही त्याच्याच खटारा गाडीतून. जाताना तो दारात घुटमळला. "डॉक्टरीणबाई, इतक्यात काही विकू नका. आधी तुमच्याकडे काय आहे ते तरी समजून घ्या. नाहीतर ही गिधाडं तुम्हाला लुबाडतील."

तोवर एर्नोचा छंद म्हणजे तिच्या लेखी पत्र्याची खेळणी. ती शिकली ती निव्वळ रागापोटी. कोर्नेल सुटीच्या दिवशी यायचा, कॉफी प्यायचा आणि एकेक पदक तिच्यापुढे ठेवायचा. तलवारी कोरलेलं अग्निक्रूस पदक आघाडीवर लढलेल्याचं. फितीचे पट्टे उलटे शिवले असतील तर कुणीतरी नंतर बदललेत. ओतीव नकलेवर बारीक भोकं दिसतात, अस्सल ठशाची कड कशी धारदार असते. एतेल्काने दवाखान्यातली हत्यारं काढली. छोटा आरसा, आकडी सळई, डोळ्याला लावायचं भिंग. दाताला बसवलेली टोपी पारखायची तिला सवय होती. बिल्ल्याच्या पाठीचा डाक लावलेला सांधा पारखणं त्याहून अवघड नव्हतं. काही वर्षांतच अशी वेळ आली, की कुणाला बिल्ल्याची शंका आली की तो तिच्याकडे यायचा.

महिन्यातून एका रविवारी संस्कृतीभवनाच्या दालनात अदलाबदलीचा बाजार भरायचा. तीही आपलं टेबल मांडून बसायची.

"डॉक्टरीणबाई, बघा बरं," कुणीतरी रांगड्या आवाजात म्हणायचा, "भरायचा का उपटायचा?"

एतेल्का बिल्ला नाकाशी न्यायची. जुनाट दिसावा म्हणून कुणी बिल्ले कोंबडीच्या खतात पुरायचे, कुणी त्याहून घाण काहीतरी करायचे. "उपट. मुळापासून किडलाय. आणि तुझ्या कोंबड्यांना जुलाब होताहेत, त्यांचं बघ."

दालनभर हशा पिकायचा. ती हसायची नाही. तिला त्या दालनाचा वीट यायचा. कांदा आणि चरबी चोपडलेल्या पावाचा वास, त्याच बोटांनी चाचपलेल्या फिती, आणि टेबलाखालून हळूच पुढे सरकणारे ते हिरवे बिल्ले. ज्याच्या पोरांनी महायुद्धात ज्यूंना दोरीने बांधून डॅन्यूब नदीच्या काठी गोळ्या घातल्या, त्या नाझीधार्जिण्या पक्षाचे. "हे जरा खास आहे, बाई," असं सांगताना त्या विकणाऱ्यांचे डोळे कसे लुकलुकायचे! ती ते बिल्ले चिमट्यानेही उचलायची नाही. तरी दर खेपेला जायची. न जाऊन काय करणार? एर्नोच्या माघारी घरात कुणी नव्हतं, आणि त्या सगळ्या घाणीत एक कोर्नेल तिला बरा वाटायचा. तो हिरव्या बिल्ल्यांना हात लावत नसे. आजारी आईला तोच सांभाळायचा. एतेल्काच्या घराची बिघडलेली कुलपंही तोच न बोलता दुरुस्त करून जायचा.

म्हणून वसंतातल्या त्या सकाळी तो रुमालाची पुरचुंडी घेऊन आला, तेव्हा तिने आधी कॉफी ठेवली.

"जरा मजेशीर माल आहे," तो म्हणाला आणि पुरचुंडी टेबलावर उलटी केली. माती भुरभुरली. टोपीचा बिल्ला, चार बटणं, पट्ट्याचं वाकलेलं बक्कल, नेमबाजाचा बिल्ला, तलवारींचा अग्निक्रूस. आणि त्यांच्यामध्ये काहीतरी पिवळं.

एतेल्काने ते चिमट्याने उचललं. भिंग लावायची गरजही नव्हती. खालच्या जबड्याची डावी दाढ. तिच्यावर सोन्याची टोपी. मुळं शाबूत, आणि मुळांना जबड्याच्या हाडाचा तुकडा चिकटलेला. हाड बाहेरून मातीसारखं तपकिरी, पण जिथे तुटलं होतं तिथे फिकट, पांढुरकं. म्हणजे तुटणं जुनं नव्हतं.

"हे कुठलं बटण रे?" तिने विचारलं.

कोर्नेलचा चेहरा उतरला. "ते... ते चुकून आलं. रुमालात राहिलं वाटतं."

"पक्कड कुठली वापरलीस?"

तो बटणं रुमालात गोळा करू लागला.

"मी विचारतेय, पक्कड कुठली वापरलीस? का दगडाने फोडलास जबडा?"

"डॉक्टरीणबाई, तो मेलाय! साठ वर्षं झाली मरून. दाढ काय करायचीय त्याला?"

एतेल्का उठली, मोरीपाशी गेली आणि भडभडून ओकली. नळ सोडून तिने तोंड धुतलं, पण चव जाईना. मागून कोर्नेलचा आवाज येतच होता, आधी रडवेला, मग चिडका.

"तुम्हाला काय वाटलं, हे सगळं आकाशातून पडतं? त्या दालनातला निम्मा माल जमिनीतून येतो. वेर्तेशच्या डोंगरातल्या रानात महायुद्धातले शेकडो सैनिक अजून पडलेत, कुणी विचारत नाही त्यांना. धातू हुडकायचं यंत्र फिरवायचं, टीटी वाजलं की खणायचं. आणि मला एकट्याला कशाला बोलताय? एर्नोकाकाच्या कपाटातल्या कितीतरी वस्तू माझ्याच फावड्याने काढल्यात!"

"एर्नोला माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही." मग तो म्हणाला, "तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

एतेल्का नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली. मग तिने तोंड पुसलं. "याच्या गळ्यातली डबी कुठाय?"

प्रत्येक सैनिकाच्या गळ्यात एक चपटी पितळी डबी असायची. आत कागदावर नाव, गाव, आईचं नाव. माणूस ओळखू येईनासा झाला तरी डबी सांगायची की हा कोण.

"बारनाबाशला दिली," कोर्नेल म्हणाला. "काल."

दाढ खिशात टाकून ती तशीच, घरातल्या चपला घालून, बारनाबाशच्या दारात उभी राहिली. त्याने मोठ्या थाटात डबी आणून दाखवली. लखलखत होती. वासावरूनच एतेल्काने ओळखलं. टूथपेस्ट.

"पुदिन्याची," बारनाबाश खुशीत म्हणाला. "पितळेला तिच्यासारखं दुसरं काही नाही. तुमच्याच धंद्यातला माल, काय?"

"आतला कागद?"

"लगदा झाला होता हो सगळा. नळाखाली धरून साफ केला."

"काही वाचता येत होतं?"

"होती दोन-चार अक्षरं. नावाला काय चाटायचंय, वहिनी? ही बिजागरी बघा, कशी शाबूत आहे! अशी मिळत नाही आता."

एतेल्काने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचे दोन दात तिनेच बसवून दिलेले होते. त्या दातांच्या आड त्याची जीभ समाधानाने वळवळत होती. एक माणूस मोरीतून वाहून गेला, आणि हा बिजागरी दाखवतोय. तिला त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. पण ती परत फिरली.

कोर्नेल तिच्या घरासमोर गाडीत बसून राहिला होता. ती शेजारच्या सीटवर बसली. "चल. जागा दाखव."

रानात ओकच्या झाडांखाली रानलसूण माजला होता आणि त्याचा उग्र वास सगळीकडे कोंदला होता. कोर्नेल खाली मान घालून पुढे चालत होता. खड्डा त्याने बुजवलासुद्धा नव्हता. कडेला सोड्याची रिकामी बाटली, सिगारेटची थोटकं, आणि पाचोळ्याखाली लोटून दिलेली हाडं. कवटी एका मुळाशी अडकलेली. जबडा दोन तुकड्यांत.

एतेल्का गुडघ्यांवर बसली. तिने खिशातून दाढ काढली आणि जबड्याच्या फुटक्या कडेशी लावून पाहिली. बरोबर बसली. मग कितीतरी वेळ ती ते दात बघत राहिली. टोपी एखाद्या शहरातल्या निष्णात हाताने केलेली होती. आपल्याला एवढं सुबक काम जमलं असतं की नाही, अशी शंका तिला आली. समोरच्या दातांत डावीकडे गोलसर खाच होती. पाइप ओढणाऱ्याच्या दातांत पडते तशी. दाढांचे माथे घासून सपाट झालेले, म्हणजे झोपेत दात खाणारा माणूस असावा. अक्कलदाढ नुकतीच पूर्ण वर आलेली.

"तिशीही झाली नव्हती याची," ती म्हणाली.

मग तिने पिशवीतून फोन काढला.

"नका करू," कोर्नेल म्हणाला. "हात जोडतो. आई आहे घरी. मी सगळं परत पुरतो, क्रूस लावतो, प्रार्थना म्हणतो. एर्नोकाकाला मी इस्पितळात नेलं होतं, ते तरी आठवा!"

"ते आठवतंय म्हणून तर तुझ्यादेखत करतेय. नाहीतर तुला न सांगता केला असता."

पोलीस आले, त्यांच्या पाठोपाठ युद्धकबरींचं काम बघणारा एक तरुण कप्तान आला. एतेल्काने पाहिलं ते सगळं सांगितलं आणि खाली सही केली. कोर्नेलची यंत्रं जप्त झाली, घरची तळघराची खोली उपसली गेली आणि त्याला शिक्षा झाली. आईकडे बघून ती स्थगित ठेवली. बारनाबाशने डबी निमूट परत केली. वर "सद्भावनेने घेतली होती" असंही सांगितलं, आणि त्याच्यावर काहीच शेकलं नाही. मंडळाने एका ठरावाने एतेल्काचं नाव काढून टाकलं. भाजीबाजारात एक जण तिच्या पाठीमागून "चहाडखोर" असं पुटपुटत गेला. तिने वळून पाहिलं. याचाच कोंबडीखतातला बिल्ला तिने भर बाजारात उपटायला सांगितला होता.

पण खरी शिसारी तिला घरी आली. तिने एर्नोची कपाटं उघडली. मखमलीवर सैनिकांच्या गळ्यातल्या तसल्याच सात-आठ डब्या ओळीने मांडलेल्या. वर्षानुवर्षं तिने त्या मऊ कापडाने पुसल्या होत्या. आकडी सळई घेऊन ती एकेकीच्या बिजागरीत फिरवू लागली, आणि प्रत्येकीतून काळसर माती निघाली. बिल्ल्यांच्या पाठीमागे, सांध्याच्या खोबणीत, बकलांच्या आतल्या बाजूला, सगळीकडे तीच माती. ती हे इतकी वर्षं पारखत होती. अस्सल कुठलं, नक्कल कुठलं. माती दिसली की मनात म्हणायची, चला, अस्सल आहे. तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं आणि तिला आपल्याच कातडीची किळस आली. भिंतीवरच्या फोटोत एर्नो हसत होता. तिने फोटो काढून खाटेवर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

कुठली पदकं कुणाच्या नातवाने आणून दिली होती आणि कुठली मातीतून आली होती, हे ती वेगळं काढायला बसली. काहींचं कळलं. बरीचशी तशीच राहिली, ती कुठल्या ढिगात टाकायची हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. डब्या तिने कप्तानाकडे नेऊन दिल्या. बाकीचा सगळा संग्रह खोक्यांत बंद करून तळघरात ठेवला, कारण विकायचं म्हटलं तर त्याच माणसांना विकावं लागलं असतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या सैनिकाला रीतसर पुरलं. क्रूसावर "अनाम हंगेरियन सैनिक" एवढंच. एतेल्काने कप्तानाला पाइपच्या खाचेचं, दात खाण्याचं, सोन्याच्या कामाचं सगळं सांगितलं होतं. त्याने लिहूनही घेतलं, पण त्यावरून नाव काही निघालं नाही. दाढ जबड्याला नीट बसवून तीच पेटीत ठेवली होती. सैनिकांनी गोळ्या झाडून सलामी दिली. मग मंडळाचा हार घेऊन बारनाबाश पुढे आला आणि मातृभूमीच्या विस्मृत पुत्रांवर बोलू लागला. बोलता बोलता त्याने रुमालाने डोळे टिपले. ऐकवेना म्हणून एतेल्काने पाठ फिरवली आणि ती कबरस्तानाच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

कप्तान तिच्यामागे आला. "बाई, पुढच्या महिन्यात आम्ही पलीकडच्या उतारावर खणणार आहोत. दात बघायला आणि बिल्ले ओळखायला आमच्याकडे कुणी नाही. याल का?"

"येते," ती म्हणाली. "पण तिथे कुणी भाषण करणार असेल तर आधी सांगा."

ती गेली, आणि जात राहिली. दोघांच्या नावांचा छडा तिच्यामुळे लागला. एकाच्या, आता म्हातारी झालेल्या, बहिणीला भावाचा पुढचा वाकडा दात आठवत होता.

शरद ऋतूत एके दुपारी दार वाजलं. कोर्नेल होता. गालफडं बसलेली. हातात घडी घातलेला नकाशा.

"आणखी तीन जागा आहेत," तो म्हणाला. "मी खणलेल्या. खुणा केल्यात. पोलिसांना तेव्हा सांगितल्या नव्हत्या."

एतेल्काने नकाशा घेतला, तिथेच उलगडला, आणि एकेका खुणेबद्दल विचारलं. झाड कुठलं, किती खोल, किती जण. तो सांगत गेला. तिसऱ्या जागेवर त्याने बोट ठेवलं.

"तिथे दोघं होते. एकमेकांना बिलगून."

"दातांना हात लावलास?"

"एकाच्या."

तिला त्याच्याबद्दल काहीतरी मऊ वाटायला हवं होतं. आला होता बिचारा, आपणहून. तिने मनात शोधूनही पाहिलं. सापडली ती फक्त किळस, थोडी जुनी झालेली.

"आई कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि दार लावून कप्तानाला फोन करायला आत गेली.