ताज्या सुजेवर गरम तेल

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लपवावंसं वाटणार नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. चेन्नईत, मैलापुरात आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ आहे, माझी नात त्यात चढाई करते. संघाच्या डॉक्टर बाईंना सगळे डॉक्टरअम्मा म्हणतात, त्या माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांना अय्या. दिवसभर एग्मोरला दवाखान्यात उभ्या राहून संध्याकाळी त्या बसनं मैदानावर येतात, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घेऊन. संघाकडून घेतात तो फक्त चहा. "दुखतं का" असं कधी विचारत नाहीत. पोरी खोटं बोलतात, हे त्यांना ठाऊक. सगळ्यांना पायऱ्यांवरून खाली उतरायला लावतात नि गुडघ्यांकडे बघत राहतात.

जिल्ह्याच्या निवडीला दोन दिवस होते. सरावात नातीचा गुडघा मुरगळला. घरी येऊन म्हणाली, "ताता, डॉक्टरअम्मांना सांगू नका. बसवून ठेवतील." आमच्याकडच्या पोरी आजोबाला तमिळांसारखं ताताच म्हणतात.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिनं कढवलेल्या तेलाची अर्धी बाटली उरली होती. आमच्या खेळायच्या दिवसांत लागलं की गरम तेलच चोळायचे. मीही गुडघा तासभर रगडला. खरं सांगतो, बूच काढलं तसा घरभर तिचा वास आला, मग माझ्याच्यानं थांबवेना.

सकाळी गुडघा शहाळ्याएवढा. संध्याकाळी पोरीला ऑटोत घालून मैदानावर नेलं. डॉक्टरअम्मांनी हात लावला, मग बोटं हुंगली.

"कोणी चोळलं?"

"मी," म्हटलं.

"अय्या, ताज्या सुजेवर गरम तेल? तुम्ही कबड्डी खेळत होता की डोसे घालत होता?"

मला राग आला. "निवड गेली तर हिची खेळाडूंच्या कोट्यातली कॉलेजातली जागा गेली. पट्टी बांधा, खेळायला ठीक आहे म्हणून कागदावर सही करा. खेळेल ती."

"उद्या खेळली तर पुढं कधीच खेळणार नाही. सही मी करणार नाही. मला शिव्या द्या हवं तर."

दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या, पोरीच्या गुडघ्याला बर्फ लावत.

निवड गेली, जागाही गेली. नात त्यांच्याशी बोलेना. तरी दर रविवारी बाई घरी यायच्या, जमिनीवर बसून तिच्याकडून पाय उचलवून घ्यायच्या. ती भिंतीकडे बघायची. एकदा बाईंनी मला बाटलीचं विचारलं. बायकोचं आहे, म्हटलं. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "मग असं वाया घालवू नका, अय्या."

पाच महिन्यांनी पहिला सामना. नात मैदानात उतरायच्या आधी स्वतः त्यांच्यापाशी गेली. "डॉक्टरअम्मा, डावा गुडघा जरा दुखतोय."

बाईंनी तिला पहिला अर्धा सामना बसवलं. पोरगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली, अन् दोघी समोरच्या संघाच्या चुका काढत राहिल्या.