ताप घेऊन गेलेली

गिरण्यांच्या संपात सासऱ्यांचं काम सुटलं आणि आम्ही लालबागची खोली सोडून मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी राहायला आलो. आमच्या चाळीमागे झाडी सुरू व्हायची. त्या झाडीतून बरंच चढलं की आदिवासींचा एक पाडा लागायचा. तिथे वीज नव्हती, रस्ता नव्हता. आमच्या चाळीत रविवारी टीव्हीपुढे गर्दी व्हायची आणि वर मात्र चुलींचा धूर तेवढा दिसायचा.

माझी मुलगी झाली तेव्हा त्या पाड्यातली एक बाई आम्हाला न्हाऊ घालायला येऊ लागली. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नसलेली. बाळाला पायांवर पालथं घेऊन पाठीवर कढत पाणी सोडताना ती काहीतरी पुटपुटायची आणि रडून लाल झालेली पोर गप्प व्हायची. पाड्यातली बहुतेक पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. माहेरी आई नसलेल्या मला तिच्या हातांची सवय लागली.

पावसाळा सरता सरता पाड्यात तापाची साथ आली. पोरं दगावू लागली. मग एक दिवस शेजारीण सांगत आली, "तुमची ती बाई भुताळी निघाली म्हणे. पोरं कोण खातंय ते भगताने तांदूळ टाकून बघितलं, तिचंच नाव आलं."

सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी बाळाला माझ्या मांडीवरून उचललं.

"तिचो हात आता पोराक नको."

"आई, असं काही नसतं हो."

"नसता तर नसता. पण नको."

पण तिला नको म्हणायची वेळच आली नाही, कारण ती पुढे आलीच नाही. चार-पाच दिवस वाट पाहून मी बाळाला सासूबाईंकडे ठेवलं आणि भर दुपारी वर गेले.

पाड्यात शिरले तर कोणी ओरडलं नाही की कोणी अडवलं नाही. बायका भात पाखडत होत्या. प्रत्येक दारावर बिब्ब्याने काळी फुली ओढली होती. शेंदूर फासलेल्या वाघोबापुढे कोंबडीची ताजी पिसं पडली होती. मी तिच्याबद्दल विचारलं, तर एकजात सगळ्या सुपाकडे बघत राहिल्या. मी समोर नव्हतेच जणू.

तिची झोपडी टोकाला होती. झोपडीभोवती राखेचं रिंगण घातलं होतं आणि ती रिंगणाच्या आत, उंबऱ्यात बसली होती.

"बाय, तू कशाला आलीस?"

"चल माझ्याबरोबर खाली."

"पळाले तं बोलतील, खरीच व्हती." मग म्हणाली, "त्यांनी माजं दिवस घातलं गं. सख्ख्या भावानं माज्या नावाचा घास ठेवला. मी हितं बसून बघत व्हते. कावळा शिवला बी."

ती रडत नव्हती. बाळ पाजताना झोपतं का, एवढंच तिने विचारलं. मी परत परत विनवलं, पण ती उठली नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ बाळाच्या दुपट्याच्या घड्या घालत राहिल्या.

"माझ्या आवशीक पण गावान चेटकीणच म्हटलेला," त्या म्हणाल्या. "भावंडा गेली माझी, तेव्हा." मग उठल्या. "उद्या मी येतंय. तिका घेवन येऊया. ऱ्हवांदे आपल्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळाला शेजारणीकडे देऊन आम्ही निघालो. सासूबाईंना दम लागत होता, तरी त्या कुठे बसल्या नाहीत. तिच्यासाठी त्यांनी एक लुगडं बरोबर घेतलं होतं.

टोकाची झोपडी जागेवर नव्हती. कुडाच्या भिंती मोडून नेल्या होत्या, जमीन शेणाने सारवली होती, आणि ते सारवण अजून ओलं होतं.

या वेळी मात्र बायका आमच्याशी बोलल्या. खाट टाकली, पाणी दिलं. तिची भावजय हसतमुखाने म्हणाली, "ताप उतरला पोरांचा. गेली ती, ताप घेऊन गेली."

"खंय गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"गेली."

तिच्यामागे एक पोर चटईवर बसून भात खात होतं. त्याच्या शेजारी पांढऱ्या गोळ्यांची पुडी होती. आदल्या संध्याकाळी दवाखान्याची माणसं येऊन घरोघर गोळ्या देऊन गेली, असं तिनेच सांगितलं. पण ते सांगतानाही तिचा हात सारवलेल्या रिकाम्या जागेकडेच होता.

माझ्या नवऱ्याने चौकीवर जाऊन तक्रार दिली. हवालदार एकदा वर जाऊन आला. "स्वतःहून गेली म्हणतात सगळे," एवढंच त्याने सांगितलं. ती भांडुपच्या बाजूला दिसली असं कोणी म्हणे, कोणी आणखी काही म्हणे. आम्हाला ती पुन्हा दिसली नाही.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. आपल्या आईचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारवलं नाही. एकदा फक्त नातीची वेणी घालता घालता, मी शेजारी आहे हे विसरून म्हणाल्या, "त्याच दिवशी वर जावक होया होता."