तीन वर्षं मागे चालणारा कॉम्प्युटर

"पाच वाजता पोर्टल बंद होणार, आणि हे पान काय हलंना," शेठ म्हणाले. चार वाजून गेले होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. एका हॉस्पिटलच्या टॉवेलांचं टेंडर भरायचं होतं. ते हुकलं तर दोन महिने निम्मे माग बंद ठेवावे लागणार होते. डिजिटल सहीची यूएसबी फक्त याच कॉम्प्युटरवर सेट केलेली होती, आणि स्क्रीनवर आलं होतं, कनेक्शन सुरक्षित नाही.

माझं नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असलं पान दिसलं की मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त वाटते. तीच साइट मी माझ्या मोबाइलवर उघडून पाहिली. लगेच उघडली. म्हणजे दोष इथलाच. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ बरोबर होती, तारीख मात्र तीन वर्षं जुनी.

सुरक्षित वेबसाइट ब्राउझरला आपलं सर्टिफिकेट दाखवते. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं, आणि ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. या कॉम्प्युटरच्या मते ते सर्टिफिकेट अजून निघालंच नव्हतं. मग तो कशाला विश्वास ठेवेल?

"मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल गेलाय," मी ऐटीत सांगून टाकलं. तारीख दुरुस्त केली, साइट उघडली, आणि शेठबरोबर कागद आणायला केबिनमध्ये गेलो. परत येतो तर पुन्हा तेच पान, पुन्हा तीच जुनी तारीख.

आता मला मजा वाटू लागली. सेल गेला तर कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख बिघडते, चालू असताना नाही. शिवाय वेळही चुकली असती. हे कुणाच्या तरी हातचं काम होतं.

"आत्ता इथं कोण बसलं होतं?"

चादरींची डिझाइनं काढणारे नरसय्या पुढे आले. वय साठीच्या आसपास.

"मीच मागं केली, साहेब. माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मुदत संपलीय. ती कंपनी पण बंद पडली, कुणाकडं मागायचं? तारीख मागं ठेवली की चालतंय. खऱ्या तारखेला एकदा उघडलं तर कायमचं लॉक होतंय. बारा वर्षांच्या चादरी हायत त्यात."

"मला का नाही सांगितलं?" शेठनी विचारलं.

"तुमी नवं घ्या म्हणला असता. मला हेच येतंय की."

मी न विचारता तारीख बदलली होती. त्यांनी आधी तारीख न बघता सॉफ्टवेअर उघडलं असतं, तर त्यांचं बारा वर्षांचं काम माझ्या हातून गेलं असतं.

त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं, मी तारीख पुढे आणली. टेंडर पावणेपाचला अपलोड झालं. तोवर नरसय्या हात मागे बांधून उभे होते. मग तारीख त्यांनीच मागे नेली.

टेंडर मिळालं. शेठनी टेंडरसाठी वेगळा कॉम्प्युटर घेतला. तारीख आपोआप पुढे जाऊ नये म्हणून जुन्याचं इंटरनेट मी काढून टाकलं, आणि नरसय्या अजूनही तीन वर्षं मागे बसून नव्या चादरी काढतात. मी मात्र आता चुकीची सेटिंग दिसली की हात लावण्याआधी विचारतो, ही कुणाला लागते का.