लावणीतली हजेरी

‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ हे वाक्य महाडच्या प्रशिक्षणात मी तीन दिवस ऐकलं आणि निघताना सगळ्या मुलांसाठी एकच छापील तक्ता हातात मिळाला. मुलाची अडचण, तिचं कारण, उपाय. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा, तोही शनिवारपर्यंत. मला तिथेच राग यायला हवा होता. पण समोसे गरम होते, डोक्यावर पंखा होता आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या शाळेत दोन शिक्षकांत सात इयत्ता चालतात. मी मुकाट्याने तक्ते पिशवीत घातले.

शुक्रवारी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी भरलेला नमुना टाकला. झालं! सगळ्या केंद्राने तोच उतरवला. मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते, मीही उतरवला. एकोणीस मुलांचं वेगळेपण मी चहा निवायच्या आत लिहून काढलं.

त्यात एक सातवीतली मुलगी होती. वरच्या वाडीवरून तासभर उतरून शाळेत यायची. वाचन उत्तम, कविता तोंडपाठ, पण भागाकार आला की तिची पाटी कोरी. पाचवीपासून ती माझ्याच हाताखाली होती. मी लिहिलं: अडचण, भागाकार. कारण, पालकांची उदासीनता. उपाय, अधिक सराव. आणि तो उपाय मी केलाही, हे आठवलं की आज स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. रोज मधल्या सुट्टीत बाकीची पोरं अंगणात खेळायची आणि ती माझ्या टेबलापाशी उभी राहून गणितं सोडवायची. सहाशे बारा भागिले सहा. ती लिहायची बारा. मी लाल फुली मारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा, पुन्हा फुली. एकदा वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, “इतकी कशी गं तू ढ?”

एप्रिलच्या शेवटी तिची आई तिला घेऊन शाळेत आली. निकालाला अजून आठवडा होता. पदराने घाम पुसत ती दारातच उभी राहिली.

“बाई, हिचा दाखला द्या. पुढं शिकायची नाय म्हणते.”

मुलगी भिंतीकडे बघत होती. मी नेहमीचं पुराण लावलं. मुलगी हुशार आहे, आठवीला पोलादपूरला वसतिगृह मिळेल, फक्त गणितात तुम्ही घरी थोडं लक्ष घालायला हवं होतं.

त्यावर आई जी भडकली! “मी? मला सही येत नाय, मी काय लक्ष घालू? तुमी शिकवलात कवा तिला भागाकार? दर सालची लावणी आली की पोर तीन आठवडे माझ्यासंगं चिखलात असते. तुमाला म्हाईत नाय व्हय?”

मला माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. भाताची लावणी लागली की वरच्या वाडीची मोठी पोरं येत नाहीत, आणि आम्ही त्यांची हजेरी लावून टाकतो. माझ्या आधीच्या गुरुजींनी हीच रीत शिकवली होती. गरिबांची पोरं आहेत, गैरहजेरी दिसली की वरून विचारणा होते, कशाला उगाच? मला ती दया वाटायची. चांगुलपणा वाटायचा!

दाखला उद्यावर ढकलून त्या दोघींना पाठवल्यावर मी कपाटातून तीन वर्षांची हजेरीपत्रकं काढली. जुलै महिना, तिचं नाव, ओळीने हजर, हजर, हजर. अक्षर माझं. मग मासिक नियोजन काढलं. तिन्ही वर्षं भागाकार जुलैतच. पोरगी चिखलात, धडा फळ्यावर आणि कागदावर ती माझ्यासमोर बसलेली. म्हणून तर कारण सापडत नव्हतं. म्हणून मी ते तिच्या आईच्या माथी मारलं, जी लावणी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीला शाळेत धाडत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर चढून गेले. चार दिवस द्या, मग दाखला देते, असं सांगितलं. मुलगी आली, पण तोंड फुगवून.

मी पाचवीपासून सुरुवात केली. काड्यांच्या जुड्या घेतल्या, शंभराच्या सहा, दहाची एक, सुट्या दोन. सहा जणांत वाट म्हटलं. शंभराच्या तिने भराभर वाटल्या. दहाची एकच जुडी हातात घेऊन ती थांबली.

“ही सहांना पुरत नाय.”

“मग दहाच्या घरात प्रत्येकाला किती?”

“काय नाय.” मग तिने स्वतःच शून्य लिहिलं, जुडी सोडली, बारा काड्या वाटल्या. एकशे दोन. पुढची पाच गणितं मला न विचारता केली. एकही चुकलं नाही. चार दिवस लागलेच नाहीत, अर्धी सकाळ पुरली.

मला वाटलं ती हसेल. तिने पेन्सिल टेबलावर आपटली. डोळे भरले होते, पण आवाज कापत नव्हता.

“एवढंच होतं, बाई? मग मला ढ का म्हणलात?”

मी हजेरीपत्रकातला जुलै तिच्यासमोर उघडला आणि म्हणाले, “चुकलं माझं.” ते शब्द मलाच पोकळ वाटले. मग विचारलं, “आठवीला जाशील ना?”

तिने वही बंद केली.

“जाईन. पण तिथल्या बाईंना तुमी आदी सांगा, लावणीत मी नसते. माझ्या नावापुढं हजर लिवू नका म्हणावं.”