बाबूसिंगचं इंजिन आणि समोरचा रेडिओ

बाबूसिंग आपल्या विजेच्या इंजिनाला सासू म्हणत असे. सुरू करण्याआधी धोतराला पुसून हात कोरडे करी. पेट्रोल ओतण्याआधी टाकीवर तळहात ठेवून पाही. गरम लागली तर ती निवेपर्यंत खाली बसून वाट पाही. बिडी कानामागे ठेवी, पेटवी मात्र इंजिनापासून लांब जाऊन. वायर माणसांच्या डोक्यावरून नेई, पायाखालून कधीच नाही. इंजिनापासून निघालेली एक तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला बांधी आणि कांबीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओती. कोणी विचारलं तर म्हणे, "इचे पाय ओले राह्यले म्हंजे हे कोनाले लाथ मारत नाई."

आणि इंजिन छपराखाली कधी लावत नसे. कारण त्याचा विषारी धूर, पण तो ते एका वाक्यात सांगे. "सासू घराबाहेरच बरी."

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर त्याचा जन्म झाला. तंबूतल्या सिनेमाबरोबर तो गावोगाव हिंडला आणि इंजिन चालवायला तिथंच शिकला. सिनेमा थांबला की लग्नसराईत बैलगाडीवर जुनं इंजिन घालून निघे. ज्या गावांत तो जाई तिथं विजेचा खांब कोणी पाहिलेला नसे. तो येई तेव्हाच उजेड येई, तो गेला की अंधार. वीज इंजिनातून निघते आणि दिव्यात संपते, असा त्याचा साधा हिशेब होता. तो हिशेब कधी चुकलाही नव्हता.

वाशीमात त्याचा एकच जिवलग होता. चंपत. वीज कंपनीत लाइनमन. दोघं भेटले की जुंपलीच.

"तुही वीज खांबाले बांधेल हाये," बाबूसिंग म्हणे. "माही पाहा, बैलगाडीत बसून येते."

"येते अन् खोकते!" चंपत म्हणे. "अख्खं गाव जागं करून टाकते."

त्या वर्षी उत्तमराव माळ्याच्या पोरीचं लग्न होतं. उत्तमरावांचा वाशीमच्या कडेला भाजीचा मळा, घर गल्लीत. घरात नुकतीच वीज आलेली. वऱ्हाड अनसिंगचं. लग्नात लाउडस्पीकर लावीन, असा उत्तमरावांनी व्याह्यांना शब्द दिला होता. आणि लग्नाच्याच सकाळी वारं सुटलं. चिंचेची फांदी तारेवर पडली, गल्लीची वीज गेली. चंपतनं गल्लीच्या डब्यातला फ्यूज काढून लाइन बंद केली आणि गल्लीच्या तोंडाशी खांबावर चढला. मुहूर्त दुपारचा. लाउडस्पीकर मुका.

उत्तमरावांनी बाबूसिंगला बोलावणं धाडलं.

गाडी दारात येताच उत्तमरावांची आई गोजराबाई पुढं झाली. "इंजिन इथी मांडवात ठेव बापा. व्याह्यायले दिसलं पाह्यजे."

"मांडवात नाई आजी. धुरानं नवरदेवच आडवा होईन."

"मंग लोकायले कसं समजन?"

"ऐकू येईन ना!"

त्यानं इंजिन मागच्या परसात, उघड्यावर लावलं. कांब ठोकली, पाणी घातलं, वायर दोरीवरून घरात आणली. आत आल्यावर त्यानं भिंती पाहिल्या. तारा आधीच बसवलेल्या. दिवे बसवलेले. लाउडस्पीकरचा प्लगही तयार. एवढं सगळं असताना वेगळ्या तारा कशाला ओढायच्या? भिंतीतल्या एका प्लगात त्यानं आपल्या वायरीची दोन टोकं खुपसली आणि बाहेर येऊन इंजिनाचा दोर ओढला.

घर उजळलं. लाउडस्पीकर खरखरला, मग गाऊ लागला. मांडवात टाळ्या पडल्या. बाबूसिंगनं मिशीवर हात फिरवला.

तेवढ्यात त्याच्या कानाला काही खटकलं. इंजिन दमून राहिलं होतं. घरात दिवे मोजके, एक लाउडस्पीकर. एवढ्या ओझ्याला ते असं कण्हत नसे.

आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानातला रेडिओ वाजू लागला.

"लाइन आली!" गल्लीतून आरोळी उठली.

"आली नाई, मी देली!" उत्तमराव ओट्यावरून गरजले. "बाबूसिंग भौ, आपन साऱ्या गल्लीले वीज देली!"

लोकांनी उत्तमरावांचा जयजयकार केला. क्षणभर बाबूसिंगही फुलला. मग त्यानं शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. तिथं त्यानं वायर नेली नव्हती. मग त्याची वीज तिथं गेली कुठून? नजर दुकानाच्या तारेवरून वर गेली, तारेवरून खांबाकडे गेली. त्याच तारेच्या शेवटी चंपत चढलेला होता.

तो परसाकडे धावला. बंद करायचं बटण दाबायचं त्याला सुचलंच नाही. डोक्याचं पागोटं ओढून त्यानं इंजिनाच्या हवेच्या तोंडात कोंबलं. इंजिन गुदमरलं आणि थांबलं. रेडिओ शब्द अर्धा टाकून गप्प झाला.

बोडक्या डोक्यानं तो गल्लीच्या तोंडाशी पोचला. वर पाहायची हिंमत होईना. पाहिलं.

चंपत पट्ट्याला टेकून उभा होता. दोन्ही हातांच्या ओंजळीत काडी.

"काय रे, कायले धावून राह्यला?" तो वरून म्हणाला. "हे वारं बिडी पेटवू देऊन नाई राह्यलं. तिसरी काडी हाये."

"खाली ये."

"काहून? आता तारेले हात लावतच होतो—"

"खाली ये मनतो ना!"

चंपत उतरला. बाबूसिंग खांबाजवळ मातीत बसला होता. त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं. चंपतनं आडोशाला होऊन बिडी पेटवली आणि पहिला झुरका न घेता त्याच्याच हातात दिली.

"म्हंजे, वीज उलटी बी चालते?" बाबूसिंगनं विचारलं.

"चालते. तुह्या सासूले माहेरचा रस्ताही येते न् सासरचाही."

बाबूसिंगला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

चंपत त्याच्याबरोबर घरी आला. मीटरजवळचा मेन स्विच त्यानं खाली पाडला, फ्यूज उपसला आणि बाबूसिंगच्या खिशात घातला. "आता घर गल्लीपासून तुटलं. इंजिन बंद होईस्तोवर हे खिशातून काढजो नको."

इंजिन पुन्हा सुरू झालं. मुहूर्त साधला. लाउडस्पीकरवरून मंगलाष्टकं पार मळ्यापर्यंत ऐकू गेली. पेट्रोलचा वास मारणारं पागोटं बांधून बाबूसिंग पंगतीला बसला. गोजराबाई तेवढी रुसली. "गल्लीले देत होता, ते बंद काहून केली? असा कसा चिक्कट माणूस!"

त्या दिवसापासून मीटर असलेल्या घरात फ्यूज खिशात घेतल्याशिवाय त्यानं दोर ओढला नाही. पण खिशावर त्याचा विश्वास नव्हता. माणूस विसरतो, म्हणे. चंपतला विचारून विचारून त्यानं शिसवीच्या फळीवर तांब्याच्या पात्यांचा एक दांडा बसवला. दांडा वर केला की घर खांबाला जोडलेलं, खाली केला की इंजिनाला. दोन्ही एकदम जोडणं शक्यच नाही. "एका म्यानात दोन तलवारी कशा राहतीन?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दांडा हलवून दाखवी.

ती फळी त्यानं उत्तमरावांच्या भिंतीवर ठोकली. तांब्याची पाती उघडी होती. वर लाकडी पेटी बसल्याशिवाय तिला एकही तार जोडायची नाही, असा चंपतचा हुकूम. बाबूसिंग पेटी करायला बसला. तीन बाजू कापून झाल्या, घासून झाल्या. तेवढ्यात मंगरूळपीरच्या उरुसात तंबू लागला आणि सिनेमावाल्यांची गाडी त्याला न्यायला आली. जाताना त्यानं फळीवर भाजीची टोपली सुतळीनं बांधली. "आलोच," म्हणाला.

फळी अजून भिंतीवर आहे, टोपलीखाली. तिला तार जोडलेली नाही. पेटीची चौथी बाजू आणि झाकण राहिलं आहे.