घर क्रमांक चौदाचा फिल्टर

आमच्या धाराशिवच्या कॉलनीत बोअरचं पाणी इतकं जड आहे की नवं पातेलं महिन्याभरात आतून पांढरं पडतं. त्यामुळे हळूहळू घराघरात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. आमच्याकडंही आलं. सहा-आठ महिन्यांनी मेकॅनिक यायचा, आतली जुनी फिल्टरची नळकांडी काढून ओट्यावर ठेवायचा, नवी बसवायचा आणि "जुनी टाकून द्या मॅडम," असं सांगून जायचा. मी शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, मुलींकडून प्लास्टिकवर निबंध लिहून घेतले, आणि घरची ही नळकांडी मात्र निमूटपणे घंटागाडीत टाकत राहिले.

घंटागाडीवर एक बाई होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोक्याला कायम रुमाल बांधलेला. निवृत्तीनंतर मी सकाळी घरीच असायची, त्यामुळे दोन शब्द बोलणं व्हायचं. एकदा मी पिशवी पुढं केली तर त्यांनी ती हातात घेऊन दाबून पाहिली.

"हे तुमच्या पाण्याच्या मशीनचं हाय न्हवं?"

"हो. का?"

"तिकडं कचरा डेपोवर ह्याचा ढीग लागलाय. सडत न्हाय. पेटलं की नुस्ता काळा धूर. आमच्या डोळ्याला लई तरास व्हतो त्याचा. तुमी शिकलेली माणसं, काय तरी बघा की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मनाला लागलं. ती पिशवी मी परत घेतली.

त्याच आठवड्यात मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की जुने फिल्टर कुणी कचऱ्यात टाकू नका, माझ्या पार्किंगमध्ये आणून द्या. मला वाटलं होतं चार-दोन घरं देतील. लोकांनी माळ्यावर, मोरीत, जिन्याखाली साठवलेले सगळे आणले. शिक्षकाची सवय कुठं जाते? प्रत्येक नळकांड्यावर मी काळ्या मार्करनं घराचा क्रमांक लिहिला, वहीत नोंद केली. तीन पोती भरल्यावर एका भंगारवाल्याला बोलावलं. प्लास्टिक वितळवून त्याचं पुन्हा काहीतरी होईल, एवढंच मला माहीत होतं आणि तेवढ्यानं मी समाधानी होते. हळदीकुंकवाला बायका माझं कौतुक करायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

तीन-चार महिने असे गेले. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त तलाठी माझ्याकडं आले. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून त्यांनी मशीनचे सगळे फिल्टर नुकतेच बदलून घेतले होते. नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला होता, तर दुसरा कुणीतरी बोलावला होता.

"बाई, तुम्हाला त्यातलं कळतं. जरा बघता का? पाण्याला वास येतोय आणि धारही बारीक झालीय."

मी गेले. मशीनचं झाकण काढलं. नळकांडी पांढरीशुभ्र, वर चकचकीत निळा स्टिकर. पण एका स्टिकरखाली फुगा आला होता आणि कड सुटली होती. मी नखानं ती कड ओढली. खाली पुसट झालेली काळी अक्षरं होती. घर क्र. १४. अक्षर माझं होतं.

मी ते नळकांडं बाहेर काढून उजेडात धरलं. दारात त्यांची लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं मावशी?"

सांगू नये, असं एकदा मनात आलं. फिल्टर खराब निघाला एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते अक्षर त्या घरात अजून कुणाला ओळखू आलं नव्हतं, म्हणूनच मला ते सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. हा फिल्टर मीच गोळा केला, मीच भंगारात दिला, तिथून तो कुणीतरी वरून धुऊन, स्टिकर लावून नवा म्हणून विकला.

ती म्हणाली, "मावशी, आठ दिवस मी हेच पाणी पितेय."

 तिच्या वडिलांनी मशीन बंद केलं, नळाखाली भरलेला तांब्या मोरीत ओतला आणि गॅसवर पाणी उकळायला ठेवलं. माझ्याकडं पाठ करून ते कितीतरी वेळ त्या पातेल्याकडं बघत होते. सुदैवानं तिला आणि बाळाला काही झालं नाही. पण ते आठ दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडं गेले. तो खोटं बोलला नाही. "म्या वजनावर घेतो, वजनावर लातूरच्या गाडीला देतो. फुडं कोण काय करतं, मला काय ठावं?" त्याच्याशी भांडून काय मिळणार होतं? मला तरी कुठं ठाऊक होतं? मी विचारलंच नव्हतं.

मग मी घरोघर गेले. ग्रुपवर लिहिणं सोपं होतं, पण ज्यांनी विश्वासानं आणून दिलं त्यांना तोंडानं सांगायला हवं होतं. काहींनी पाणी विचारलं, काहींनी दारातूनच "बरं" म्हटलं. एक बाई म्हणाल्या, "नसत्या उद्योगात पडलात." त्यांचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

घंटागाडीवरच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि सहज म्हणाल्या, "फोडून द्यायचं की मग. आख्खं दिलं तर कुणी बी वापरणारच. आमी फाटकी ताडपत्री टाकताना बी उभी चिरतो, न्हाय तर ती परत कुणाच्या तरी पालावर दिसती."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकली आणि भंगारात द्यायची राहिलेली नळकांडी मांडली. निवृत्त तलाठी स्वतःची लोखंड कापायची करवत घेऊन आले, हे मला अनपेक्षित होतं. त्यांनी पहिलं नळकांडं पकडीत धरलं आणि कापायला घेतलं. आतून भिजलेला काळा कोळसा सांडला. दुसऱ्यातून विटकरी गाळ निघाला, तिसऱ्यात घट्ट गुंडाळलेला, शेवाळासारखा बुळबुळीत पडदा. बायका पदर नाकाला लावून बघत होत्या. "हे आपल्या पोटात गेलं असतं," एक म्हणाली. "आणि आता कुणाच्या पोटात जातंय?" दुसरी म्हणाली.  आणि करवत मागायला तिनंच हात पुढं केला.

त्या सतरंजीवरच ठरलं की मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना लिहायचं. ज्यांचा माल त्यांनी परत न्यावा, एवढंच. छापील मजकूर नको, प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं. कुणी मराठीत लिहिलं, कुणी हिंदीत. पहिल्या खेपेला 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर आलं. दुसऱ्या खेपेला आम्ही पत्रासोबत कापलेलं एकेक नळकांडं पाठवलं. मग एका कंपनीच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला पार्ट बदलून हवाय का?"

"नको. तुमचा तुम्ही परत न्या."

 ती हळूच म्हणाली, "असं कुणी मागत नाही, म्हणून विचारलं." तिनं माझं म्हणणं लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं. त्यानंतरही तीन-चार वेळा फोन करावे लागले. अखेर त्या कंपनीनं मान्य केलं. आता त्यांचा मेकॅनिक नवा फिल्टर बसवतो, जुना आपल्यासमोर कापतो आणि सोबत घेऊन जातो. आमच्या सांगण्यावरून जवळच्या तेरला आणि येडशीला काही घरांनी तसंच मागून घेतलं.

बाकीच्या कंपन्यांनी अजून काही केलेलं नाही. त्यांच्या नळकांड्यांचं कापलेलं प्लास्टिक आम्ही भंगारात देतो. आतले पडदे मात्र कुणी घेत नाही. त्यांची चार पोती माझ्या पार्किंगमध्ये उभी आहेत, आणि आमच्या ह्यांना स्कूटर तिरकी लावावी लागते. पाहुणे विचारतात, मी सांगते. घंटागाडी आली की बाई आधी पोत्यांकडं बघतात, मग माझ्याकडं.

"न्हेलं न्हाय अजून कुणी?"

"नाही अजून."

"ऱ्हाऊ द्या मग हितंच, डेपोवर नगं," त्या म्हणतात आणि ओल्या कचऱ्याची बादली उचलतात.